गिरणीवाल्याच्या घरातली ओवी

आमच्या गावातली ओवी माझ्या वडिलांनी बंद पाडली. हे मी अण्णांना त्यांच्या हयातीत बोलून दाखवलं असतं, तर पट्ट्याला राळ लावता लावता ते म्हणाले असते, "आन् बायकांच्या हाताचे घट्टे कुणी बंद पाडले रं?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही एकदम धरूनच मला हे लिहायचं आहे.

माण तालुक्यातलं आमचं गाव ज्वारी-बाजरीचं. १९५९ साली अण्णांनी कर्ज काढून पिठाची गिरणी टाकली. इंजिन सातारच्या कूपरच्या कारखान्यातलं, तेही दुसऱ्याच्या मळ्यावर पाणी उपसून दमलेलं. (हे कूपर म्हणजे धनजीशा कूपर. १९३७ साली काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पण आमच्या भागाला त्यांचं राजकारण आठवत नाही, इंजिन आठवतं.) युद्ध संपल्यावर ऑइल इंजिनं खेड्यापाड्यांत पोचू लागली होती. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी १९४६ सालची. आधी विहिरीवर इंजिन आलं आणि मग त्याच इंजिनाला पट्टा जोडून गिरणी आली, असा बऱ्याच गावांचा क्रम आहे. वीज आमच्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

धुराच्या नळीवर अण्णांनी एक पत्र्याचा डबा पालथा टांगला होता. त्यानं इंजिनाचा पुक-पुक आवाज पार शिवाराच्या टोकापर्यंत जाई. गिरणी चालू झाली, दळण घेऊन या, अशी ती दवंडी. डोक्यावर पाट्या घेऊन सगळ्यात आधी आल्या त्या नव्या सुना. म्हाताऱ्यांनी वर्षभर नाकं मुरडली. गिरणीचं पीठ गरम निघतं, भाजतं, भाकरीला गोडी राहत नाही, अशी त्यांची तक्रार. तीत तथ्य होतं. दगड भरधाव फिरला की पीठ तापतंच. पण एका पावसाळ्यात निम्म्या घरांतली जाती पडवीत गेली आणि दोन वर्षांत त्यांच्यावर कोंबड्यांच्या डालग्या आल्या. पहाटे गावात जो आवाज असायचा, तो गेला. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा. तो आवाज गेल्याचं कुणी बोललेलं मला आठवत नाही. बायका झोपल्या होत्या, इतकंच.

ज्यानं कधी दळलेलं नसतं, त्याला ओवीचं कौतुक जरा लवकर सुचतं. म्हणून आधी दळणाचं काम काय होतं ते सांगतो. काळ्या पाषाणाचे दोन दगड. खालचा जमिनीत पक्का, वरचा फिरता. वरच्याच्या काठाला लाकडी खुंटा, मध्ये तोंड. एक पाय लांब पसरून, एक दुमडून बसायचं; एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्यानं तोंडात मूठ-मूठ वैरण घालायची. वैरण जास्त पडली तर पीठ भरड निघतं, कमी पडली तर दगडावर दगड घासून भाकरीत कच येते. दगडाची टाकी बुजली की तेच दळण दोनदा फिरवावं लागतं, मग पाथरवट येऊन छिन्नी-हातोड्यानं पुन्हा टाकी लावून जाईपर्यंत खांदे भरून येतात. दळणाची वेळ पहाटे तीन-चारची, कारण उजाडल्यावर पाणी, शेणघाण, चूल, रान. आणि हे रोजचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. आठवड्याचं दळण एकदम करून ठेवायची सोय नव्हती. एखाद्या बाईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं असेल आणि ती साठीपर्यंत जगली असेल, तर तिच्या किती पहाटा त्या दगडाला गेल्या याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

हा दगड आमच्या मुलखात फार जुना, पण वाटतो तितकाही जुना नाही. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव खणून काढलं. तिथं धान्य वाटायचे ते पाट्यावर, गुडघे टेकून, पुढं-मागं हात करत. गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये दिसू लागतं ते सातवाहनांच्या आसपास. हसमुख सांकळियांनी १९५०च्या दशकात नेवाशाला उत्खनन केलं, तिथं सातवाहनकाळच्या थरांत अशी जाती मिळाली. त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जातं आणि ओवी एकाच गावात असं वर-खाली सापडावं, याचं मला उगीचच बरं वाटतं. इतिहासाच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नाही.

ओवीचा लेखी पुरावा मात्र ज्ञानेश्वरीच्या आधीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. हत्ती कसे पकडावेत, मासे कसे शिजवावेत, राजानं मन कसं रमवावं, असलं सगळं त्यात आहे. त्यातच गाण्याबद्दल सांगताना तो म्हणतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. दळताना म्हणत नाही, कांडताना म्हणतो, म्हणजे उखळ-मुसळावर. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानंही संगीतरत्नाकरात ओवीची नोंद घेतली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या दीडशे वर्षं आधी एका राजाच्या कानावर ओवी पडली होती, आणि ती पडली ती काम करणाऱ्या बाईच्या तोंडून. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, जात्यावरची बहुधा दोन ओळींची; दोन्हींच्या चालीत फरक आहे. तरी ज्ञानदेवांनी छंद उचलला तो घरातल्या बायकांकडून, असं म्हणायला मला तरी काही अडचण वाटत नाही. गीता मराठीत आणायची तर ती कुठल्या लयीत लोकांच्या कानाला परकी वाटणार नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो आणि ते म्हणताना बहुतेक वेळा आपल्याला 'काम अंगावर पडलं की जमतं' एवढंच म्हणायचं असतं. पण या म्हणीचा शब्दशः अर्थच मला मोलाचा वाटतो. ओवी सुचायला खरोखरच जातं लागायचं. पहिल्या काही ओव्या देवाच्या. गणपती, विठोबा, गावचा देव, मग आई-बाप, मग भाऊ. पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत त्या म्हणायच्या आणि त्या बहुतेक ठरलेल्या असत. तोवर हात तापायचा, दगड लयीला लागायचा. खरी ओवी सुरू होई ती त्यानंतर. तिथंही पहिली ओळ पुष्कळदा वडीलधाऱ्यांकडून आलेली, तयार असायची. दुसरी ओळ मात्र जिची तिची. एकीनं ओळ उचलायची, समोर बसलेल्या दुसरीनं धरायची. चालीला बायका 'गळा' म्हणतात. प्रत्येक भागाचा, कधी कधी प्रत्येक घराचा गळा निराळा. मधे गं, बाई, माझ्या असे शब्द पेरून ओळ खुंट्याच्या फेऱ्यावर बसवायची.

या कलेला ऐकणारा नव्हता, ही गोष्ट ध्यानात घ्यायला मला बरीच वर्षं लागली. कीर्तनाला श्रोते असतात, लावणीला असतात, पोवाड्याला तर लागतातच. ओवी म्हणणारी बाई अंधारात भिंतीकडं किंवा जावेकडं तोंड करून बसलेली असे. पलीकडं सासू निजलेली. जात्याची घरघर हाच आडपडदा. शब्द विरून जायचे, सूर तेवढा बाहेर यायचा. त्यामुळे तिथं बरंच काही बोलता येई. लेक जन्मली म्हणून घर कसं गप्प झालं, माहेराहून कुणी आलं नाही, नवरा कसा बोलतो. सीतेच्या ओव्या तर मुद्दाम ऐकाव्यात. वनात गेलेली, टाकलेली, बाळंतपणाला एकटी असलेली सीता. आणि त्यात रामाला सूट फारशी मिळत नाही. भर दिवसा, चार माणसांत हे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आणि जातं हे देव. त्याला देवाच्या नावानं हाक मारून, मनातलं त्याच्याजवळ बोलायचं, ही रीत. गंगाखेडची, नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई हिच्यासोबत विठोबा दळायला बसायचा, ही कथा महाराष्ट्रातल्या बायकांना ज्ञानेश्वरीपेक्षा जवळची वाटते, त्याचं कारण यातच आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात. वारीला गेलेल्या बायका त्याचा खुंटा धरून एखादा फेरा मारतात. पुरुष लांबूनच नमस्कार करतात. आपल्या कामात मदतीला देव आला तर तो कुठल्या कामाला येईल, हे ठरवण्याचा अधिकार तेवढा जनाबाईनं घेतला होता.

माझी आत्ती, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हा गिरणी चांगली चालू लागली होती. येताना तिनं सासरहून दुसरं काही मागितलं नाही, बैलगाडीत घालून आपलं जातं आणलं. गिरणीमागच्या छपरात ते बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे दळायला लागली. गिरणीवाल्याची सख्खी बहीण घरात हातानं दळते! गिऱ्हाइकं अण्णांना छेडायची, "तुमच्या घरचे जात्याचं खाणार आणि आम्ही भाजलेलं पीठ न्यायचं व्हय?" अण्णा चिडले, समजावून पाहिलं, शेवटी तोडगा निघाला. ज्वारी-बाजरी गिरणीत, डाळी भरडणं, हळद, उपासाचं पीठ आत्तीकडं. उपासाच्या पिठाची गिरणीत नाहीतरी अडचणच असते, आधीच्या दळणाचे कण मिसळतात. पण डाळ रोज थोडीच भरडायची असते? आत्तीचं जातं मात्र रोज फिरायचं. कधी कधी मी उठून पाहिलं तर तोंडात वैरण नसायची. नुसता दगड हळू फिरवत ती म्हणत असायची.

तिची एक ओवी मी लहानपणापासून तिच्या मरणापर्यंत ऐकली, म्हणून ती कशी बदलत गेली ते मला सांगता येतं. मूळची तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची. भाऊ घोड्यावरून येतो आहे, घोडं दाराला बांध, असा तिचा मतलब. सासरी असताना आत्तीनं घोडं काढून टाकलं आणि तिथं दहिवडीची एस.टी. आणली. आपल्याकडं एस.टी. १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती बायकांच्या गाण्यात सगळीकडं शिरली. माहेरची वाट दाखवणारं दुसरं वाहन नव्हतंच. मी तिला विचारलं होतं, घोडं का बदललं? तर म्हणाली, "आमच्या भावाकडं घोडं कुठलं? गाढव बी नव्हतं." खोटं कशाला म्हणायचं, हा तिचा सरळ हिशेब.

माहेरी आल्यावर पंचाईत झाली. भाऊ समोरच, रोजचा. येणार कुठून? काही वर्षं ती ओवी ती म्हणायचीच नाही. मग एकदा ऐकली ती निराळीच होती. एस.टी. येते, दार उघडतं, आणि उतरतो तो भाऊ ओळखीचा नाही, असं काहीतरी. अण्णा तेव्हा सोसायटीत निवडून आले होते, घरात माणसांची ये-जा वाढली होती, आणि माझी आई आणि आत्ती यांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. आत्तीनं कधी तक्रार केली नाही. तक्रार होती ती त्या ओळीत, आणि ती ओळ आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हती. दोन-तीन पावसाळे तिनं ती तशीच म्हटली. मग त्यातला 'ओळखीचा नाही' गेला आणि भाऊ नुसताच 'दमलेला' झाला. आई आणि आत्ती एका ताटात जेवायला लागल्या त्याच सुमारास. कशामुळे काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण रोज पहाटे एकच ओळ तोंडात घोळवणाऱ्या बाईला त्या ओळीतला राग किती दिवस खरा वाटतो, हे तिला आपोआप कळत असणार. खोटा वाटला की शब्द बदलायचा. "दळता दळता मन निवळतं," एवढंच ती म्हणायची.

अण्णा गेल्यावर तिनं पुन्हा आजीची जुनी ओवी धरली. घोड्याची. मी न राहवून विचारलंच, एस.टी. कुठं गेली? आत्ती म्हणाली, "घोड्यावरचा मानूस लांबनं दिसतो."

शहरातल्या लोकांना ओवीची आठवण झाली तीही विसाव्या शतकातच. काकासाहेब कालेलकर आणि वामन चोरघडे यांचं 'साहित्याचे मूलधन', साने गुरुजींचं 'स्त्री जीवन', सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत काढलेले ग्रंथ, इंदिरा संतांची 'मालनगाथा', तारा भवाळकरांचं लेखन. यांनी हजारो ओव्या वाचवल्या आणि त्यांचे उपकार आहेतच. तरी गिरणीवाला म्हणून माझी एक कुरकुर आहे. त्याच काळात जात्याचंही फार गुणगान झालं. १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, हातसडीचे तांदूळ आणि हाताचं पीठ यांचा प्रचार झाला. गांधीजी आणि विनोबा स्वतः दळायला बसत, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता. त्यांच्यामागून ज्यांनी जात्याच्या व्यायामाची आणि सत्त्वाची व्याख्यानं दिली, त्यांतले किती जण पहाटे तीनला उठत होते? ओवी गोड लागते म्हणून जातं गोड होत नाही. आत्तीनं स्वतःच्या लेकीला दळायला कधी बसवलं नाही, शाळेत घातलं.

दुसरी कुरकुर अशी की जुन्या संग्रहांत बाईचं नाव क्वचित सापडतं. सगळ्या ओव्या 'लोकांच्या'. ओळ लोकांकडून आलेली असते हे खरं, पण तिच्यातला घोडा काढून एस.टी. घालणारी बाई एकच असते. खानदेशात, जिथं जात्याला घरोट म्हणतात, तिथल्या बहिणाबाई चौधरींचं नाव राहिलं ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव कवी होते म्हणून. १८८० साली आसोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई दळताना, शेतात राबताना गाणी रचत राहिली. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं ते १९५२ साली. तिनं ते पाहिलं नाही. आपली गाणी छापावीत असं तिला वाटत होतं की नाही, याचा विचार आपण करत नाही. छापलं की साहित्य, असा आपला पक्का समज.

या दोन्ही कुरकुरी ज्यांनी बऱ्याच प्रमाणात दूर केल्या, ते गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर. प्वातवाँ मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेले. मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायकांबरोबर संघटनेचं काम करता करता ही मंडळी ओवीपाशी पोचली. सभेत न बोलणाऱ्या बाया ओवीत सगळं बोलतात, हे त्यांना तिथं दिसलं. मग सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांकडून. आणि प्रत्येकीचं नाव, गाव टिपून ठेवलं. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचे गळे ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून पी. साईनाथांच्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ओव्या ऐकायला मिळतात. नुसतं बसून म्हणा म्हटलं तर कितीतरी बायकांना ओवी आठवत नसे. जातं काढलं, मूठभर धान्य घातलं, खुंट्याला हात लागला की ओळीमागून ओळ यायची.

याच संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित वस्तीतल्या बायकांच्या ओव्या आहेत. पहिली, दुसरी, तिसरी ही मोजणी तीच. पण ज्या जागी गणपती आणि विठोबा असायचे, त्या जागी बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, रमाबाई आहेत. साचा आजीचा, देव आपण निवडलेला. धर्मांतराची भाषणं १९५६ साली नागपुरात झाली. ती मनात मुरली कुठं, हे बघायचं असेल तर या ओव्या ऐकाव्यात. दगडासमोर बसून, एकटीनं, जुन्या देवाच्या जागी नवं नाव घालून पाहायचं, ते लयीत बसतं का बघायचं, बसेपर्यंत म्हणत राहायचं. ओठांवर बसलं की ते आपलं झालं.

गिरणीनं बायकांचे रोजचे तास वाचवले हे अण्णा अभिमानानं सांगत आणि ते खोटं नव्हतं. पण ते तास बायकांच्या हाती राहिले नाहीत. एक तास झोपेला मिळाला, उरलेले रानानं घेतले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गिरणीत अमेरिकेतून आलेला लाल मिलो दळला जायचा; त्याचं पीठ भाकरीला धड येत नसे आणि शिव्या मात्र अण्णांना. गावातल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. आत्तीही जायची. तिथं हातोड्याच्या ठोक्यावर तिनं ओवी धरून पाहिली, चारचौघींनी साथही दिली. जमलं नाही म्हणाली. "उन्हात, मुकादमासमोर काय म्हणायचं?"

लग्नात अजून हळदीला जातं लागतं. पाच सवाष्णी, खुंट्याला बांधलेला आंब्याचा डहाळा, पाच हळकुंडं. फोटोवाला सांगतो तिकडं तोंड करून फेरे मारायचे. ओव्या आता मोबाइलवरून लागतात. आत्तीचं जातं त्यासाठी गावभर फिरतं आणि परत येताना दर वेळी काठाचा एखादा टवका गेलेला असतो. टाकी लावणारा पाथरवट आता येत नाही, आणि हळकुंड फुटण्याइतपत कुणाला टाकीची गरजही नाही.

गिरणी मी चार वर्षांपूर्वी बंद केली. गावात घरोघरी घरघंट्या आल्या. झाकण लावायचं, बटण दाबायचं. माझ्या सुनेनंही एक घेतली. घेताना तिनं विचारलं होतं, बाबा, तुम्हाला वाईट वाटणार नाही ना? मी म्हटलं, माझ्या बापानं पाथरवटाला विचारलं नव्हतं. तिची घरघंटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असते आणि आवाज असा की शेजारी बसून बोलता येत नाही. दळण लावलं की सून मागच्या दाराला जाऊन बसते, फोनवर बहिणीशी बोलते. सासऱ्याला ऐकू जात नाही हे तिला माहीत आहे. पीठ पडून गेलं तरी कधी कधी ती मशीन चालूच ठेवते. मी उठून बंद करत नाही.